बिजलीची चंदी

॥ श्री चामुंडेश्वरी ॥

म्हैसूर, ९ जुलै २०२५

तीर्थरूप अक्कास,
खंडूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझ्या ओरडण्यापुढे मला माझंच ऐकू येत नाही, तेव्हा आपला हा टपालाचा रस्ताच बरा. तू यंदा दसऱ्याला मिरजेहून येतेस हे वाचून मी इतका खूश झालो, की गगनला दोनदा वाचून दाखवलं. पण तू अट घातलीस ना, की चामुंडीच्या डोंगरावर न्यायचं तर आपल्या जुन्या गाडीतून, बिजलीतूनच, भाड्याच्या बंद काचांच्या गाडीत जीव घुसमटतो म्हणून? तिथंच घोटाळा झालाय. अय्यो, कसं सांगू! बिजलीचा पिकअप गेला.

काल डोंगरावर निघालो होतो. मी, गगन, सूनबाई, आणि मागच्या सीटवर पूजेचं सामान. पहिल्या चढापर्यंत ठीक. मग मी रेस दाबतोय, दाबतोय, पाय पार जमिनीला टेकला, इंजिन नुसतं हुंकार देतंय आणि गाडी जागची हलेना. मागे बस, बसच्या मागे आणखी बस, सगळे हॉर्न वाजवतायत. एक सायकलवाला पुढे निघून गेला, तोही जाताना मला नमस्कार करून. शेवटी वजन कमी व्हावं म्हणून गगन खाली उतरला आणि गाडीच्या बाजूनं चालत राहिला. चालता चालता खिडकीत वाकून मला विचारतो, की अप्पा, तुम्हीपण येता का चालत, लवकर पोचू. पोराला बापाची चेष्टा करायला एवढी हौस!

घरी आल्यावर त्यानं फर्मान काढलं. घटस्थापनेच्या आत बिजली चार माणसं घेऊन, कुणी न उतरता, न ढकलता डोंगरावरच्या नंदीपर्यंत चढली तर राहील. नाहीतर कडकोळला त्याच्या कंपनीजवळ भंगारवाला आहे, त्याच्याकडे जाईल. मीपण रागाच्या भरात कबूल झालो. आपण घोडेस्वारांच्या घरातले, शब्द दिला म्हणजे दिला, अल्वा?

तुझी भावजय कांचन गेल्यापासून सकाळी गाडी काढून बाजारात जाणं, मित्रांकडे जाणं, एवढंच माझं स्वतःचं उरलंय गं. तेही गेलं तर मी सुम्मने, नुसताच खुर्चीत बसून काय करू? तू घरातली मोठी. काही सुचत असेल तर लिही.

लोभ आहेच, त्यात यावेळी थोडी अक्कलही मिसळून पाठवावी.
तुझा,
खंडू

मिरज, १६ जुलै

चि. खंडू यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अर्धं मराठी, अर्धं कानडी. शेजारच्या दामोदररावांना वाचून दाखवताना मला मध्ये मध्ये थांबून अर्थ सांगावा लागला. ते एस.टी.त ड्रायव्हर होते, त्यांना गाड्यांचं कळतं, पण मला तुझ्या गाडीचं कळतं.

आता मला खरं सांग. बिजलीला चंदी देतोस का? पणजोबांच्या वेळेपासून आपल्या घरात आयुधपूजेला आधी घोड्याला चंदी आणि मग माणसांना पान. घोडे गेले, तरी बाबांनी सोडलं का? सायकलीला दिली, मग स्कूटरला दिली. लोक हसायचे, पण ती स्कूटर कधी रस्त्यात बसली नाही. तू काय करतोस, तर दसऱ्याला मूठभर हुलगे पुढच्या चाकाशी टाकतोस आणि वर्षभर तिला राबवतोस. वर्षातून एकदा जेवून तू चढशील का रे डोंगर?

तेव्हा आता मुकाट्यानं मंगळवारी आणि शुक्रवारी चंदी सुरू कर. गॅरेजलाही दाखव, मी नाही म्हणत नाही. गगनला सांग, आत्यानं त्याचं लंगोट वाळत घातलंय, तेव्हा भंगाराची भाषा माझ्यापुढे नको.

मी येणार म्हणजे येणार. तू गाडी बघ.
तुझ्या काळजीनं जेवण कमी झालेली (पण फार नाही),
अक्का

म्हैसूर, २८ जुलै

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

अक्का, तुझे पाय कुठे आहेत? बिजली धावली!

सगळं सांगतो. लष्कर मोहल्ल्यात भुजंगराव म्हणून आपल्यातलेच एक आहेत, त्यांचं गॅरेज आहे. माणूस बोलका. एका बोल्टमागे एक गोष्ट सांगतो, म्हणून एका दुपारचं काम दोन दुपारी चालतं. त्यांनी आधी मला थोडं फिरवून आणलं, उतरून चारही चाकांना हात लावून पाहिलं. ब्रेक धरून बसले असते तर चाक तापलं असतं म्हणाले. तापलं नव्हतं. मग हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायला सांगितला. गाडी आचका देऊन बंद पडली, माझं डोकं काचेवर आपटलं, आणि भुजंगराव खूश! क्लच घसरत असता तर इंजिन चालू राहिलं असतं, क्लच उत्तम आहे म्हणाले. माझ्या डोक्याचं कुणी विचारलं नाही.

मग ते एअर फिल्टरचा डबा उघडायला गेले. मी म्हटलं, बेडा, तो मी उगादीला माझ्या हातानं नवा घातलाय, त्याला हात लावायचा नाही. कशाला उगाच वेळ घालवायचा? त्यांनी मान हलवली आणि पेट्रोलचा फिल्टर काढला. आतून शेण निघावं तसा काळा गाळ निघाला. तो बदलला.

पण खरी गंमत पुढे. त्याच दिवशी शुक्रवार होता, म्हणून सकाळी निघताना मी तुझ्या सांगण्याप्रमाणे पुढच्या चाकाशी हुरळी ठेवली होती, तुमच्याकडचे हुलगे गं. आणि संध्याकाळी बिजली बन्नीमंटपापर्यंत अशी गेली, अशी गेली, की मला पणजोबांची आठवण झाली. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, तरी झाली.

भुजंगराव म्हणतात फिल्टरमुळे. मी म्हणतो एवढ्याशा डब्यामुळे एवढा जोर? आमचा वाद झाला. मी तुझ्या बाजूनं भांडलो, हे लक्षात असू दे.

डोंगराची परीक्षा जरा थांबून देऊ असं ठरवलंय. तिच्या अंगात नीट ताकद भरू दे.

तुझ्या आशीर्वादाची आणि पुढच्या सूचनांची वाट पाहणारा,
खंडू

मिरज, ५ ऑगस्ट

चि. खंडू यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं आणि मी ते साऱ्या आळीत वाचून दाखवलं. दामोदरराव म्हणाले, फिल्टरमुळेच धावली असेल. मी म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं एस.टी. चालवलीत, कधी तिला मूठभर हुलगे घातलेत? नाही ना? म्हणूनच ती तशी चालायची.

पण खंडू, तुझं पत्र पुन्हा वाचताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या चाकाशी! अरे बाबा, चाक म्हणजे पाय. पायाशी ठेवलेलं घोडा खातो का? ते कावळे खातात. चंदी तोंडात द्यायची असते! पायाशी ठेवून जर गाडी बन्नीमंटपापर्यंत गेली, तर तोंडात दिल्यावर कुठवर जाईल याचा विचार कर.

हे काम तुझ्याच्यानं होणार नाही, तू धसमुसळा. सूनबाईला, वल्लरीला सांग. नाशिककडची पोर आहे, आपल्या घरचं तिला नवीन आहे, पण हात नीटनेटका आहे. हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी गूळ घालून कालवायचे, आणि रोज मूठभर. मंगळवार-शुक्रवार नको, रोज. आता कुठे अंगी लागायला लागलंय.

पत्र नियमानं टाकत जा, नाहीतर मी फोन करीन.
तुझी,
अक्का

म्हैसूर, १८ ऑगस्ट

ती. आत्याबाईंना,
वल्लरीचा सा. न. वि. वि.

अप्पांनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं आणि चंदीचं काम माझ्याकडे आलं. लग्न होऊन आल्यापासून या घरात मला कुणी पहिल्यांदाच घराण्याचं काही सोपवलं, त्यामुळे मी ते अगदी मनापासून करते आहे. तुम्ही लिहिलंत तसेच हुलगे भिजवते, गूळ कालवते. गूळ जरा चिक्कीचा घेतला, म्हणजे सुटा होत नाही.

एकच अडचण आली. गाडीचं तोंड कोणतं? अप्पा म्हणाले पुढची जाळी. पण जाळीतून सगळं खाली सांडलं. गगनना विचारलं तर त्यांनी सायलेन्सर सांगितला आणि हसत खोलीबाहेर गेले. मग मी स्वतःच बॉनेट उघडून पाहिलं. आत एक काळा डबा आहे, त्याला पुढे सोंडेसारखी तोटी आहे आणि ती तोंड वासून बसलेली. अप्पांना गाडी चालू करायला सांगितलं आणि तोटीशी हात धरला, तर वासरू हात चाटतं तसा हात आत ओढला जातो! मग म्हटलं, हेच. रोज सकाळी तिथे मूठभर घालते. आणि आत्याबाई, संध्याकाळी पाहावं तर तोटी स्वच्छ. पहिल्या दिवशी अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिजली जेवली, असं शेजारी सांगून आले.

पण खरं सांगू का? पिकअप पुन्हा कमी होतोय. पहिले काही दिवस छान होता, आता सिग्नलवरून निघतानासुद्धा रिक्षा पुढे जातात. शिवाय बॉनेटमधून कसलीतरी खसखस ऐकू येते. भुजंगरावांनी स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि एक कानाला लावून बराच वेळ ऐकलं, आणि टॅपेट सैल झालेत म्हणाले. टॅपेट बसवून झाले. मग कार्बोरेटर धुऊन झाला. मग प्लग बदलून झाले. खसखस आहेच, आणि गंमत म्हणजे इंजिन बंद असतानाही असते.

मी काही चुकत तर नाही ना? गूळ कमी पडतोय का, तेवढं कळवा.

माया करता, ती अशीच करत राहा.
आपली सून,
वल्लरी

म्हैसूर, २७ ऑगस्ट

प्रिय आत्या,
नमस्कार.

माझं मराठी लिहायला तेवढं येत नाही, चुका सोडून वाच. आज गणपती बसले. आरतीला अप्पा होते पण लक्ष सगळं गाडीत.

आत्या, मी गाडीवर जोक करतो म्हणून तुम्ही सगळे मला विलन करून ठेवलं. पण एक गोष्ट अप्पांनी तुला लिहिलेली नाही. मागच्या आठवड्यात आम्ही रिंग रोडला लागत होतो. मागून ट्रक येत होता. अप्पांनी रेस दिली आणि गाडी घेतलीच नाही. नुसती उभी असल्यासारखी. ट्रकवाल्यानं कसाबसा बाजूनं काढला आणि आम्हाला जे बोलला ते मी पत्रात लिहू शकत नाही. मला खूप भय झालं. अप्पा घरी येऊन म्हणाले, की ट्रकवाल्याला संस्कार नाहीत.

मला ते भंगार-बिंगार करायची हौस नाही. मला अप्पा पाहिजेत. ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. साकु, पुरे आता, गाडी सोड, एवढं तू लिही ना. कडकोळच्या माणसाला मी सांगून ठेवलंय. वल्लरीलापण मी बोललो, पण ती तुमच्या पार्टीत गेली. सकाळी मला डबा नंतर मिळतो, गाडीला आधी.

तू रागावू नको.
तुझा भाचा,
गगन

मिरज, ४ सप्टेंबर

चि. खंडू यास,
आशीर्वाद.

गगनचं पत्र आलं. त्यात ट्रकचं वाचलं. मला का नाही लिहिलंस? मी काय फक्त चंदी सांगायला उरले आहे? मेल्या, तुला काही झालं असतं तर मी दसऱ्याला कुणाकडे येणार होते!

पोराला दोष देऊ नकोस. त्याचं खरं आहे. गाडी सुधारली नाही तर घटस्थापनेला किल्ली त्याच्या हातात दे, तू शब्द दिला आहेस. मग मी नाही येत यंदा. बंद गाडीत मला खरंच सोसत नाही आणि पायऱ्या आता या जन्मात चढवत नाहीत. देवीचं दर्शन राहिलं तर राहिलं. पण तुला बघायचं होतं रे. या वयात पुढच्या दसऱ्याच्या गप्पा कुणी माराव्यात?

पण अजून दिवस आहेत. वल्लरीनं विचारलं गुळाचं. मला वाटतं, एकवेळची चंदी पुरत नाही. डोंगर चढायचा तर दोन्ही वेळ हवी. सकाळी आणि संध्याकाळी.

दामोदररावांनी एक विचारायला सांगितलंय, ते लिहून टाकते, नाहीतर रोज जिन्यात अडवतात. मागून धूर काळा येतो का बघा म्हणतात. काळा असेल तर गाडीला श्वास कमी पडतोय, हवा जाण्याची वाट कुठेतरी बुजली आहे. मी म्हटलं, श्वासाचं नंतर बघू, आधी पोट. तरी तू बघून घे.

जपून राहा. गाडी घरापासून लांब नेऊ नकोस.
तुझी,
अक्का

म्हैसूर, १३ सप्टेंबर

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही बसून वाचा. शक्यतो दामोदररावांच्या समोर वाचू नका.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि अप्पांना रेस द्यायला सांगितली. माझ्या साडीवर बसला तो धूर काळा होता. भुजंगरावांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, की आता सर काहीही म्हणोत, मी एअर फिल्टरचा डबा उघडणार. अप्पा शेजारी उभे राहून सांगत होते, की तो उगादीला नवा घातलाय. ज्या काळ्या डब्याला मी रोज जेवायला घालत होते, भुजंगराव नेमके त्याच डब्याकडे वळले.

त्यांनी झाकण उचललं आणि आम्ही सगळे दोन पावलं मागे सरलो. आत हुलग्यांना मोड आले होते. चांगले बोटभर, उसळीला घ्यावेत असे. खाली गुळाचा चिखल. आणि नव्या फिल्टरच्या कागदाच्या चिंध्या करून त्यात एक गुबगुबीत उंदरीण तिच्या पिलांना घेऊन निजली होती. ती आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्हीच तिच्या घरात घुसलो होतो. आत्याबाई, तोटी रोज कोण स्वच्छ करत होतं, ते तेव्हा कळलं.

भुजंगरावांनी झाकण हळूच खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, की गाडीला उसळ कोण घालतं? अप्पांनी ताठ मानेनं सांगितलं, की ती आमच्या घोडेस्वार घराण्याची चंदी आहे. तर भुजंगराव म्हणाले, चंदी आमच्या घरीही देतात, आमचेही पूर्वज घोड्यावरच होते, पण आम्ही ती चाकाशी ठेवतो आणि पूजा झाली की झाडून काढतो. इंजिनात कालवण घालणारं घर त्यांनी हे पहिलंच पाहिलं.

त्यांचं म्हणणं असं, की दोष फक्त पेट्रोलच्या फिल्टरचा होता आणि तो पहिल्याच खेपेला गेला होता. गाडी तेव्हाच बरी झाली होती. त्यानंतर आपण तिच्यावर उपचार सुरू केले, म्हणून ती पुन्हा आजारी पडली. टॅपेटवरून मात्र कुणी त्यांना चिडवू नये, अशी त्यांची अट आहे.

मी खाली मान घालून उभी होते. गगन पायरीवर बसून इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला रडू येत होतं आणि त्यांना बघून हसू फुटत होतं. घराण्याचं पहिलं काम मिळालं आणि त्याचे मी हे दिवे लावले! पण अप्पा मला म्हणाले, की तू चुकली नाहीस, तू जरा जास्तच नीट केलंस. तेवढ्यावर मी जेवले.

गणपती नुकतेच गेलेले, त्यामुळे उंदरिणीला मारायला अप्पांनी साफ मनाई केली. तिचं सगळं बिऱ्हाड सुपात घालून त्यांनी मागच्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात नेऊन ठेवलं, आणि जाताना भुजंगरावांना दिसणार नाहीत असे थोडे हुलगेही.

डबा धुतला, नवा फिल्टर घातला. बुधवारी डोंगर आहे. आम्ही तिघं आणि चौथे भुजंगराव.

रागावला नसाल, तर दोन ओळी लिहा. रागावला असाल, तर चार लिहा.
आपली,
वल्लरी

म्हैसूर, १७ सप्टेंबर

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बिजली चढली. नंदीपर्यंत, चार माणसं घेऊन, कुणी उतरलं नाही, कुणी ढकललं नाही. गगननं माझ्या पाया पडून सांगितलं, की अप्पा, तुम्ही जिंकलात, गाडी राहणार. कडकोळच्या माणसाला त्यानं माझ्यासमोर फोन करून नको म्हणून कळवलं.

आता पुढचं लिहितो ते तू एकटीनं वाच.

अक्का, गेले किती महिने मी रेस पार खालपर्यंत दाबून गाडी चालवत होतो. पायाला तीच सवय. आज फाटकातून निघताना तसाच पाय दाबला आणि बिजली उसळली. शेजारच्यांच्या रांगोळीवरून गेलो, दूधवाला कुंपणाला चिकटला. मी सगळ्यांना सांगितलं, की मुद्दाम केलं, जोर दाखवायला. डोंगरावर पहिल्या वळणापर्यंत मजा वाटली. दुसऱ्या वळणावर समोरून बस आली, मी पाय काढायला गेलो आणि पाय निघेना. निघेना म्हणजे कुठे अडकला नव्हता गं. मी काढत होतो आणि तो माझं ऐकत नव्हता. वल्लरी शेजारी होती. तिनं ओरडाआरडा केला नाही. हळूच सांगितलं, की अप्पा, पाय उचला. तेव्हा उचलला गेला. बस गेली. मागे भुजंगरावांची गोष्ट चालू होती ती तशीच चालू राहिली, त्यांना कळलंही नाही. गगनला कळलं. त्यानं चेष्टा केली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

नंदीपाशी उतरून मी आधी बिजलीच्या बॉनेटवर हात ठेवला. मला वाटायचं, गाडी म्हातारी झालीये आणि तिला मी सांभाळून घेतोय. उलटंच होतं की! ती दमली होती म्हणून माझं निभत होतं. तिच्या अंगात जोर आला आणि माझं पितळ उघडं पडलं.

परत येताना मीच किल्ली वल्लरीच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. ती झकास चालवते. वळणावर मी दोनदा उगाचच पाय दाबला, तिथे काहीच नव्हतं. भंगारात जाऊ नये म्हणून एवढा भांडलो, गाडी राहिली, आणि मी तिच्यात पाहुणा झालो. वाईट वाटतंय अक्का. खूप वाईट वाटतंय.

तू बिजलीतूनच येईन म्हणाली होतीस. बिजली आहे. पण चालवणारा मी नसेन. तू माझ्या हातच्या गाडीत बसायला येणार होतीस, हे मला माहीत आहे. तेव्हा आता येशील की नाही, ते कळव. नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन.

तुझा,
खंडू

मिरज, २२ सप्टेंबर, घटस्थापना

चि. खंडू यास,
अक्काचे अनेक, अनेक आशीर्वाद.

पहिल्यांदा उंदरांचं. चंदीत काही खोट नव्हती. पिलं गुबगुबीत होती असं वल्लरीनंच लिहिलंय, म्हणजे अंगी लागत होती. चुकीच्या जनावराच्या लागली, एवढंच. दामोदरराव जिन्यात भेटले की शीळ घालतात, त्यांच्याशी मी बोलणं टाकलंय. वल्लरीला सांग, चूक माझी, तिची नाही. हे तिला वाचून दाखव, पण पत्र तिच्याकडे ठेवायला देऊ नकोस.

आता तुझं. तुला काय वाटलं, मी तुझ्या हातच्या गाडीत बसायला येत होते? अरे गाढवा, तू गाडी चालवायला लागलास तेव्हापासून मी तुझ्या गाडीत डोळे मिटून बसते! डोंगर लागला की मी पुटपुटायला लागायचे आणि तू कौतुकानं सगळ्यांना सांगायचास, की आमची अक्का फार देवभोळी. देवभोळी कसली! वळण जाईपर्यंत जीव मुठीत धरलेला असायचा. तुला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बोलले नाही.

मग बिजलीतूनच येईन असा हट्ट का, तर काचा उघडतात म्हणून, आणि तू असतोस म्हणून. पण तू असायचास कुठे? पुढे. मान ताठ, नजर रस्त्यावर. मी विचारलं काही, तर तुझं हं हं. दर खेपेला मी एवढ्या लांबून यायचे आणि डोंगर उतरेपर्यंत तुझं टक्कल बघत बसायचे. वल्लरीनं किल्ली घेतली हे वाचून मला काय वाटलं सांगू? वाटलं, चला, आता माझा भाऊ मोकळा झाला.

रडत बसू नकोस. रडायचं तर मी आल्यावर रड, दोघं मिळून रडू आणि मग खाऊ काहीतरी. आयुधपूजेच्या आदल्या दिवशी पोचते. स्टेशनवर बिजली घेऊन वल्लरीला पाठव. तिच्या शेजारी गगन बसेल.

तू माझ्याबरोबर मागे बसायचंस. लहानपणी बसायचो तसं. खिडकी मात्र माझी.

वाटेवरच आहे असं समजणारी,
तुझी अक्का